सुईवर अडकलेल्या बायका

आमच्या कार्यालयातला संगणक सागवानी पेटीत राहायचा आणि त्याला वीज लागत नसे. त्याला लागायची एक सुई. स्वेटरच्या सुईपेक्षा लांब, कोपरापासून मधल्या बोटापर्यंत भरेल एवढी, धरायच्या टोकाला लाकडी मूठ. परवा हे ऐकून माझी भाचेसून हसत सुटली. तिच्या ऑफिसात म्हणे नाव टाइप केलं की पडद्यावर माणसाची सगळी कुंडली उघडते आणि त्याला कुठलं काम शोभेल हेही तो पडदाच सांगतो. मी म्हटलं, अगं, आमची सुईसुद्धा हेच सांगायची, आणि तितक्याच ठामपणे. त्या ठामपणाचीच गोष्ट मला सांगायची आहे. पस्तीस वर्षं होत आली त्याला.

मी अमरावतीच्या वकिलाची मुलगी. मानसशास्त्र घेऊन बी. ए. झाले आणि साठ सालानंतर लवकरच अकोल्याच्या सेवायोजन कार्यालयात मार्गदर्शन अधिकारी म्हणून लागले. नेमणूक हंगामी होती. शनिवारी दुपारी मूर्तिजापूरवरून जाणारी बस धरून अमरावतीला आईकडे जायचं आणि सोमवारी सकाळी परत यायचं. अकोल्यात मी एका शिक्षकांच्या घरी मागची खोली घेऊन राहत असे. कार्यालयात मी एकटीच बाई होते. पहिले काही महिने लोक नोकरीसाठी कमी आणि मला बघायला जास्त यायचे. दारात उभं राहून एकजण दुसऱ्याला सांगे, "हे पाह्य, हेच ते बाईसाहेब." मी वर बघितलं की दोघंही पसार.

बाहेरच्यांना वाटतं की असं कार्यालय नोकऱ्या वाटतं. तसं काही नसतं. ज्याला काम पाहिजे तो येऊन नाव नोंदवतो, ज्याला माणूस पाहिजे ते खातं किंवा कारखाना मागणी पाठवतो, आणि आम्ही दोघांची गाठ घालून देतो. लग्न जुळवण्यासारखंच काम, फक्त जेवणावळ नसते. त्यात माझं काम वेगळं. ज्याला आपल्याला काय जमेल हेच कळत नाही, किंवा जो चाळिशीत हातातलं काम सोडून दुसरं धरू बघतो, त्याला समोर बसवून बोलतं करायचं. सल्ला देण्याचे पैसे सरकार मला देई, पण खरं सांगायचं तर ते पैसे ऐकण्याचे होते. हे मला फार उशिरा उमगलं.

पेटी आली ती माझ्या पाठोपाठच. वरच्या कार्यालयाने प्रयोग म्हणून पाठवली होती. पोस्टकार्डाच्या दुप्पट आकाराची जाड कार्डं, आणि प्रत्येक कार्डाच्या चारही कडांना ओळीनं बारीक गोल भोकं. एकेक भोक म्हणजे एकेक प्रश्न. मॅट्रिक आहे का? टंकलेखन येतं का? वय तिशीच्या आत आहे का? उत्तर 'हो' असलं की चिमट्यानं त्या भोकापासून कडेपर्यंतचा कागद कापून टाकायचा, म्हणजे भोकाची खाच होई. मग शेकडो कार्डांची चवड करायची, हव्या त्या भोकातून सुई आरपार घालायची, सुई वर उचलायची आणि हलकेच झटका द्यायचा. ज्यांचं भोक कापलेलं ती कार्डं खाली पडत. बाकीची सुईवर लटकून राहत. पडलेली कार्डं गोळा करून पुढच्या प्रश्नाची सुई. अशा चार-पाच सुया घातल्या की शेवटी पाच-सहा कार्डं टेबलावर उरत. ती माणसं त्या नोकरीला लायक. दोन कारकुनांचं दोन दिवसांचं काम पाव तासात! पडला तो निवडला गेला, असा आमचा उलटा कारभार.

मी त्या पेटीच्या प्रेमातच पडले. आमचे कारकून पुंडलिकराव मात्र तिच्याकडे संशयानं बघत. ते अकोटकडचे, पन्नाशीचे, अक्षर छापल्यासारखं. "बाई," ते म्हणायचे, "माणसाले झटका देऊन पाहाची ही कोणती रीत?" मी त्यांना चिमटा कसा धरायचा ते शिकवलं. महिनाभरात त्यांचा हात असा बसला की कार्डं कापताना ते इकडे गप्पाही मारत.

पेटीच्या पलीकडचंही काम चाले. मूळचे अमरावतीचे, अकोल्यात राहणारे एक गुरुजी आठवतात. पंचेचाळिशीचे, पिढीजात भिक्षुकी. नाव नोंदवायलासुद्धा मुहूर्त बघून आले, आणि तोवर कार्यालय उघडलेलं नव्हतं म्हणून चपराश्यावर चिडले. त्यांना भिक्षुकी सोडायची होती. का, तर म्हणाले, "लोक पाया पडतात आन् पाठ फिरली की हसतात. मले असं काम पाह्यजे, जिथं कोणी पायाच पडत नाही." त्यांच्या कार्डावर कापायला काहीच नव्हतं. मॅट्रिक नाही, टंकलेखन नाही, अनुभव कोरा. पण मी त्यांच्याशी तीन दिवस तास तासभर बोलले. बोलता बोलता कळलं की पाच-सहाशे घराण्यांची नावं, गोत्रं, पिढ्या त्यांना तोंडपाठ आहेत आणि एकदा ऐकलेलं नाव ते विसरत नाहीत. कापसाच्या एका जिनिंग कारखान्याच्या मालकांना मी हे सांगितलं. त्यांच्याकडे दिवसाला शेकडो गाड्या कापूस येई आणि कुणाची गाडी कुठली यावरून रोज भांडणं. गुरुजींना त्यांनी फाटकावर उभं केलं, आणि पंधरा दिवसांत भांडणं थांबली. महिन्याभरानं गुरुजी कार्यालयात येऊन म्हणाले, "बाई, तिथं मले सारेच नावानं हाका मारतेत. बरं वाटते." मला केवढा अभिमान वाटला! सुई जे करू शकत नाही ते मी करते, असं मी अमरावतीला आईला सांगितलं होतं.

आता ज्या गोष्टीवर हे सगळं येऊन आदळलं, ती.

पेटी नवी असतानाच एके सकाळी एक म्हातारे गृहस्थ विधवा सुनेला घेऊन आले. त्या काळी बाई एकटी येत नसे. बाप, भाऊ, सासरा, कुणीतरी सोबत असायचं, आणि प्रश्न बाईला विचारला तरी उत्तर तोच द्यायचा. बाई खाली बघत उभी. पुंडलिकराव ओळीनं प्रश्न विचारत गेले आणि त्या ओघात विचारून बसले, "परगावी जाल का?" म्हाताऱ्यांनी काठी अशी टेबलावर हाणली की दौत उडून पुंडलिकरावांच्या सदऱ्यावर सांडली. "आमच्या घरच्या बाईले परगावी येतं का म्हणून इचारता? हे सरकारी हापिस आहे का आणखी काही?" बाहेरची माणसं आत आली. दोघं-चौघं म्हाताऱ्यांच्या बाजूनं ओरडायला लागले. सून रडायला लागली. आमचे साहेब पुण्याकडचे, अतिशय सभ्य आणि अतिशय भित्रे. ते आतल्या खोलीतून बाहेर आलेच नाहीत.

सगळे गेल्यावर मी पुंडलिकरावांना म्हटलं, "बायकांना हा प्रश्न विचारू नका. ते भोक तसंच कोरं राहू द्या. मी सवडीनं एकेकीला बाजूला घेऊन विचारीन." पुंडलिकराव शाईनं माखलेला सदरा बघत म्हणाले, "हाव बाई." मी हे बोलले तेव्हा माझ्या मनात काळजीच होती. ती सवड मला कधीच मिळाली नाही. पुढं मी सांगितलेलं विसरूनही गेले. पुंडलिकराव विसरले नाहीत. ते हुकमाचे पक्के होते.

दोन वर्षं गेली. बायकांसाठीच्या मागण्या तशा थोड्या, आणि बहुतेक आडगावच्या. कुठं दाई, कुठं शिवणशिक्षिका. मी सुया घालायची. बाई, पडली. शिक्षण, पडलं. वय, पडलं. परगावी जाण्यास तयार... आणि त्या सुईला सगळीच्या सगळी कार्डं लटकून राहायची. एकही पडायचं नाही. मला वाईट वाटे, थोडा रागही येई. मी स्वतः गाव सोडून आले, ह्यांना काय होतं? मग नियमाप्रमाणे मी मागणी करणाऱ्याला दाखला पाठवी, 'योग्य महिला उमेदवार उपलब्ध नाही'. खाली माझी सही. एवढ्यावर थांबले असते तरी बरं होतं. मी ह्या विषयावर एक टिपण लिहिलं. वऱ्हाडातल्या स्त्रिया गाव सोडायला राजी नसतात, त्याची मानसिक कारणं काय असावीत, असं मोठं अभ्यासपूर्ण. मुंबईला बैठकीत ते वाचलं गेलं आणि मला शाबासकीचं पत्र आलं. ते पत्र मी फ्रेम करायचं तेवढं बाकी ठेवलं होतं.

गोदाबाई भुयार ह्या सगळ्या काळात दर दोन महिन्यांनी कार्ड ताजं करून घ्यायला येत होती. अकोल्याबाहेर नदीकाठी तिच्या भावाचा भाजीचा आणि फुलांचा मळा. ती सकाळी बाजारात वांगी, मेथी आणि झेंडूचे हार विकायची आणि रिकामी टोपली घेऊन थेट आमच्याकडे यायची. सातवी पास. नवरा लग्नानंतर दोन वर्षांतच वारलेला, मूल नाही. ती एकटी यायची, म्हणून माझ्या लक्षात राहिली होती, पण तेवढंच. गुरुजींशी मी तास तासभर बोलले. ते माझ्या गावचे, त्यांचं जग मला ओळखीचं होतं. ह्या बाईशी मी दोन वर्षांत मिळून दहा मिनिटंसुद्धा बोलले नव्हते. हे लिहिताना आजही लाज वाटते.

त्या दिवशी ती टोपली खाली ठेवून माझ्या टेबलासमोर उभी राहिली. "बाई, धारणीले पोरीयच्या वसतिगृहावर बाई पाह्यजे होती म्हणे. सातवी पास, तीसच्या आतली, तिथंच राहाचं. धारणीच्या गाडीचा कंडक्टर सांगे. सालभर झालं म्हणे. तुमच्याकडं आलतं का ते?"

मला ती मागणी चांगली आठवत होती. कोरकू आदिवासी मुलींचं नवं वसतिगृह, अमरावतीच्या कार्यालयाला बाई मिळाली नाही म्हणून आमच्याकडे आली होती. "आलं होतं," मी म्हटलं.

"मंग माह्यं कार्ड काहून नाही निघालं?"

"एखादी अट बसत नसेल."

"कोणती?"

असं मला कुणी विचारलं नव्हतं. सुई जे सांगते त्यापुढं प्रश्न नसतो, अशी आमची समजूत. मी जरा तोऱ्यातच पेटी ओढली. म्हटलं, ये, तुझ्या डोळ्यांसमोरच दाखवते. बायकांची सगळी कार्डं काढली, चवड ठोकून सारखी केली आणि पहिली सुई घातली. सातवी पास. कार्डं पडली, त्यात तिचंही पडलं. तिनं आपलं नाव वाचलं. दुसरी सुई, तिशीच्या आत. तिचं पडलं. ती म्हणाली, "अजून अठरा दिवस आहेत मले तीस पुरे व्हाले." तिसरी सुई परगावीची. मी झटका दिला. टेबलावर काहीच पडलं नाही.

"हे बघ," मी म्हटलं, "तू परगावी जायला तयार नाहीस."

तिनं माझ्या हातातली सुई घेतली. विचारलंसुद्धा नाही. लहानपणापासून हार ओवणारी बाई, तिला सुई शिकवावी लागत नव्हती. तिनं लटकलेली कार्डं बोटानं एकेक सरकवून प्रत्येकाचं ते भोक बघितलं. मग म्हणाली, "बाई, ह्या साऱ्याच अडकल्या. एकीचंबी कापेल नाही. अशा साऱ्याच कशा नाही म्हणतीन? आन् मले तं कोणी इचारलंच नाही."

मी पुंडलिकरावांकडे बघितलं. त्यांचा चिमटा हातातल्या हातात थांबला होता. "तुमीच सांगतलं होतं ना बाई," ते हळू आवाजात म्हणाले. "बायकायले इचारू नका, भोक कोरं राहू द्या."

मी वाकून त्या सुईवरची भोकं स्वतः बघितली. कागदावर कोरी जागा दिसली की माणूस थांबतो, विचारतो, राहून गेलं वाटतं. सुईला ते कळत नाही. तिच्यापाशी दोनच उत्तरं. कापलेलं म्हणजे हो, न कापलेलं म्हणजे नाही. 'विचारलं नाही' असं तिसरं भोक त्या कार्डावर नव्हतंच. दोन वर्षं मी एकाही बाईला विचारलं नव्हतं, आणि दोन वर्षं सगळ्यांच्या वतीनं 'नाही' म्हणून सही करत होते. त्यावर टिपण लिहिलं होतं! मानसिक कारणं शोधली होती!

"गोदाबाई, जाशील तू धारणीला?" मी विचारलं. पहिल्यांदाच.

"जाईन. आजच्या आज जाईन." मग तिनं सांगितलं ते एवढंच. तिच्या भावाला नातेवाइकांनी भंडावून सोडलं होतं. वरूडकडचा एक बिजवर, संत्र्याचे बगीचे, साठीला आलेला. त्याच्याशी तिचा पाट, म्हणजे दुसरं लग्न, लावून द्या म्हणत. तिला त्या माणसाच्या दारातही उभं राहायचं नव्हतं. भाऊ एकटा तिच्या बाजूनं उभा राहिला होता. त्यानं सगळ्यांना सांगितलं होतं की पोरगी नोकरी करते म्हणते, कुठंही जायला तयार आहे, तिला तीस पुरी होईपर्यंत पाट नाही. नंतर सरकारी नोकरीचं वयच सरतं, म्हणून तीसचा वायदा. "दादा माह्यासाठी साऱ्यायशी भांडला," ती म्हणाली. "आता अठरा दिवस राहिले."

धारणीचं वसतिगृह ज्यांच्याकडे होतं ते अधिकारी परतवाड्याला बसत. मी ट्रंक कॉल लावला. अर्ध्या तासानं आवाज आला, तोही तुटक. मी विचारलं, ती जागा भरली का हो? ते म्हणाले, "भरतो कशानं? तुमचाच दाखला आहे माझ्यासमोर. बाई उपलब्ध नाही. बाई नाही म्हटल्यावर पोरींना रात्री कोणाच्या भरवशावर ठेवू? घरी पाठवल्या सगळ्या. कुलूप आहे तिथं."

माझ्या सहीनं एक वसतिगृह बंद पडलं होतं. शाळेसाठी जंगलातून चालत आलेल्या पोरी परत चालत गेल्या होत्या, आणि मी इकडं अकोल्यात शाबासकीचं पत्र जपत होते. ते अधिकारी मात्र चांगले निघाले. म्हणाले, दाखला मागं घेतल्याचं पत्र द्या, कारण लिहा आणि बाईचं नाव द्या. तीस पूर्ण व्हायच्या आत पत्र हातात पडलं तर मी जागा पुन्हा उघडवतो.

मी साहेबांपुढं गेले आणि सगळं सांगितलं. "दाखला चुकीचा होता असं लिहिलंत तर एकच दाखला चुकीचा ठरत नाही," ते म्हणाले. "सगळे ठरतात. चौकशी लागेल. पुंडलिकरावांची पेन्शन जवळ आली आहे. तुमची नेमणूक अजून कायम व्हायची आहे. आणि चौकशी संपेपर्यंत त्या बाईचं वय उलटून जाईल, त्याचं काय?" मग त्यांनी चष्मा काढून पुसला आणि अगदी सौम्यपणे म्हणाले, "त्यापेक्षा असं लिहा की उमेदवाराचं मत बदललं. आधी नाही म्हणत होत्या, आता हो म्हणतात. माणसाचं मत बदलतं. कुणाचं काय बिघडतं?"

खरोखरच कुणाचंच काही बिघडत नव्हतं. दाखला तेव्हाही बरोबर ठरत होता आणि आताही. मी थोडी कुरकुर केली असेल, पण फार नाही. जागेवर येऊन मी स्वतःच्या हातानं पत्र लिहिलं. 'सदर महिला उमेदवाराने परगावी जाण्यास यापूर्वी दिलेला नकार मागे घेतला असून आता त्या कोठेही जाण्यास तयार आहेत.' मराठी कारभार तेव्हा नवाच होता, आणि वाक्य छान जमलं म्हणून मला क्षणभर बरंसुद्धा वाटलं, हे सांगायला नको, पण सांगते.

परतवाड्याहून उत्तर अकराव्या दिवशी आलं. जागा उघडली होती. आमच्या कार्यालयात सही करून घेऊन उमेदवाराला रवाना करा, असा निरोप. मी गोदाबाईला बोलावणं धाडलं. ह्या वेळी ती एकटी आली नाही. भाऊ बरोबर होता. धिप्पाड, फेटा, हातांना मातीचे डाग, चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. त्यानं सोबत हारच आणला होता. मला घालायचा म्हणे. मी टेबलावर ठेवायला सांगितला. साहेबसुद्धा त्या दिवशी बाहेर येऊन उभे राहिले, चांगल्या बातमीच्या वेळी ते येत.

नेमणुकीच्या पत्राला एक कबुलीपत्र जोडलेलं होतं. त्यावर सही केल्याशिवाय नेमणूक नाही. गोदाबाई ते मोठ्यानं वाचायला लागली, शाळेत वाचतात तसं, बोट ठेवून. "मी खाली सही करणार असे लिहून देते, की परगावी जाण्यास मी यापूर्वी नकार दिला होता, ही गोष्ट मला मान्य असून..." तिचं बोट थांबलं.

"पुढं वाच," भाऊ म्हणाला. मग त्याच्या काय ते डोक्यात शिरलं. "थांब. नकार देल्ता? तू नाही म्हणे इथं?"

गोदाबाईनं कागदावरचं बोट काढलं नाही.

"बाई," त्यानं मला विचारलं, "हिनं नाही म्हणलं होतं? दोन साल मी लोकायले सांगून राहिलो, माही बहीण कुठंबी जाते म्हणते. चुलत्याशी बोलणं तोडलं मी. आन् हे इथं येऊन नाही म्हणत होती?"

गोदाबाईनं मान वर करून माझ्याकडे बघितलं. तिला सगळं ठाऊक होतं. सुई तिनंच हातात घेतली होती. ती काही मागत नव्हती, नुसती बघत होती. मी एक वाक्य बोलले असते तर पुरे होतं. पण ते वाक्य बोलले की पत्र खोटं, पत्र खोटं की नेमणूक रद्द, आणि तीस पुरी व्हायला आठवडाही उरला नव्हता. हे सगळं मी तेव्हा मनाशी जुळवलं. त्या जुळवण्यात माझी कायम व्हायची नेमणूकही होती, हे मी नाकारत नाही. साहेब खिडकीबाहेर बघायला लागले. पुंडलिकरावांनी उगीचच कार्डांची चवड सारखी केली.

"हाव दादा," गोदाबाई म्हणाली. "म्हणलं होतं मी नाही. भेव वाटे."

तिचा भाऊ एक पाऊल मागं सरला. मग वळून निघून गेला. ती त्याच्या पाठीकडे बघत होती. तो दिसेनासा झाल्यावर तिनं मला विचारलं, "सही कुठं करू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी अकोल्याच्या स्टँडवर मी तिला सोडायला गेले. भाऊ आला नव्हता. एक पत्र्याची पेटी आणि ती. मी म्हटलं, "गोदाबाई, मी आत्ता मळ्यात जाते आणि त्यांना खरं सांगते. तू एकदा रुजू झालीस की काही होत नाही."

"नोका सांगू," ती म्हणाली. "आता तुमी सांगतलं तरी त्याले वाटन का मीच सांगाले लावलं. आन् लावलं भांडण त्यानं पुन्हा कोणाशी, माह्यं नाव घेऊन, तं ते कागद बाहेर येतीन. माही नोकरी जाईन. राहू द्या." गाडीत चढता चढता ती थांबली. "बाकीच्या बायकायले इचारा मात्र. आन् संगं आलेल्या माणसाले बाहेर बसवत जा."

मी विचारलं. पुढचे दोन महिने मी दुसरं काही केलं नाही. व्हरांड्यात दोन खुर्च्या टाकल्या, सोबतच्या पुरुषांना पुंडलिकरावांनी चहा पाजून बाहेर गुंतवून ठेवलं, आणि मी एकेकीला विचारत गेले. इतक्या जणी 'जाईन' म्हणाल्या की मला ऐकवेना. काही जणींचं वय तोवर उलटून गेलं होतं. त्यांची भोकं मी कापली, पण त्या कापण्याला अर्थ नव्हता. जिच्या सासऱ्यांनी काठी आपटली होती ती सूनसुद्धा आली. म्हणाली, मी तेव्हाच हो म्हणणार होते. माझ्या मुंबईच्या टिपणाबद्दल मात्र मी वर काहीच कळवलं नाही. पुढं कित्येक वर्षं ते टिपण इतरांच्या भाषणांत ऐकू यायचं आणि मी मागच्या रांगेत गप्प बसायची.

पुढं मी कायम झाले, बढत्या मिळाल्या, निवृत्त झाले. माणसांना काम लावून दिल्याचा अभिमान आहेच, तो कशाला लपवू? गोदाबाईनं धारणीचं वसतिगृह उघडलं आणि वय होईपर्यंत चालवलं. तिचा भाऊ तिच्याकडे एकदाही गेला नाही. ती राखीला पाकीट पाठवायची, ते घेतलं जायचं, उत्तर यायचं नाही. हे तिनंच मला सांगितलं, तक्रारीच्या सुरात नव्हे.

मागच्या वैशाखात तिचं कार्ड आलं. आमच्या पेटीतलं नव्हे, साधं पोस्टकार्ड. दादा गेला, एवढीच ओळ होती, आणि खाली, आता तुम्हाला सांगायचं तर सांगा. मी दोन दिवस ते कार्ड घेऊन बसले होते. आता कुणाला सांगू? ज्याला सांगायचं होतं तो राहिला नाही. त्याची मुलं असतील, मळा असेल तर तिथं कुणीतरी हे ज्यात छापून येईल तो अंक वाचेल, ह्या आशेवर लिहिते आहे. ते पत्र माझ्या हातचं होतं आणि त्यातलं वाक्य खोटं होतं. गोदाबाईनं कधीच नाही म्हटलं नव्हतं. तिला आम्ही विचारलंच नव्हतं.